अकराव्या पानावरचा कलाविभाग

बारकीने कॉलेज निवडलं तेव्हा तिचा बाप बूट काढत होता. एक पाय बुटात, दुसरा मोज्यात, अशा अवस्थेत त्याने कॉलेजचं नाव ऐकलं आणि तो दारातल्या स्टुलावर मटकन बसला.

टेबलावर तीन माहितीपुस्तिका होत्या. एक साठ पानी, गुळगुळीत, हातातून निसटणारी. ती मोठ्या कॉलेजची. एक मध्यम. आणि एक बारा पानांची, दोन पिना मारलेली, त्यातली एक पिन तिरकी. बारकीचा हात त्या तिसरीवर होता.

"हेच," ती म्हणाली. "लहान आहे, पण हेच."

बारकीची आई हॉस्पिटलात सिस्टर. बारा तास उभं राहून ती आली होती आणि गरम पाण्याच्या टबात पाय सोडून डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडता तिने विचारलं, लहानच का. बारकीने सांगितलं की मोठ्या कॉलेजात चित्रकलेच्या एका वर्गात एकशेवीस मुलं असतात. मैत्रिणीची बहीण तिथेच होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे सर सहामाहीला एकदा येतात, तेही सही करायला. आणि बारकीला सही नको होती. कळायला लागल्यापासून ती दिसेल ते काढत आली होती: स्टूल, बादली, दाराची कडी, झोपलेल्या आईचे तळवे. काढायचं, कुणाच्या तरी समोर धरायचं, आणि समोरच्याने म्हणायचं, "वा, छान, ठेव." सतरा वर्षांत तिच्याकडे चारशे चित्रं आणि चारशे 'छान, ठेव' जमले होते. त्यातले निम्मे बापाचे, बूट काढता काढता म्हटलेले.

"अकराव्या पानावर काय लिहिलंय ऐक," बारकी म्हणाली. त्या पानावर चार चित्रंही छापलेली होती, पण त्यांच्यावर तिने अंगठा दाबून धरला होता. तिने खालचं वाक्य वाचलं. "'आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या चित्राजवळ शिक्षक रोज दहा मिनिटे थांबतात. कधी बोलतात, कधी बोलत नाहीत, पण थांबतात.'"

सिस्टरने डोळे उघडले. हे बरं वाटतंय, असं ती म्हणाली, आणि ती सहसा कशालाच बरं म्हणत नसे. पेशंट घरी निघाला तरी ती 'सध्या ठीक' एवढंच म्हणायची.

"ज्याने हे लिहिलंय ना आई, त्याला चित्र म्हणजे काय ते कळतं," बारकी म्हणाली.

ज्याने ते लिहिलं होतं तो स्टुलावर बसला होता, एक बूट हातात धरून.

तो एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायचा. एकोणीस वर्षं. मालकापासून बाइंडरपर्यंत सगळे त्याला ऑपरेटर म्हणत, आणि हळूहळू तोही स्वतःला तेवढाच समजायला लागला होता: यंत्राला जोडलेला एक सुटा भाग. पावतीपुस्तकं, हँडबिलं, औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं, वाटेल ते त्याच्या हाताखालून गेलं होतं. चार वर्षांपूर्वी या कॉलेजची पुस्तिका आली. पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच असावी लागतात, कारण एक कागद मधे दुमडला की त्याची चार पानं होतात. आठ होतील, बारा होतील, अकरा काही केल्या होत नाहीत. कॉलेजने मजकूर पाठवला होता अकरा पानांचा. शेवटच्या पानावर पत्ता आणि नकाशा धरला, तर बरोबर त्याच्या आधीचं पान कोरं राहत होतं.

ऑपरेटरने कॉलेजच्या हेडक्लार्कला फोन लावला. हेडक्लार्क जेवत होते. तोंडातला घास न गिळता ते म्हणाले, "काहीतरी टाका हो. कलेचं वगैरे. कलेचं चांगलं दिसतं."

कॉलेजात तेव्हा कलेचं काहीही नव्हतं. पण ऑपरेटरच्या पिशवीत बारकीची चित्रांची वही होती. तिची शिवण सुटली होती आणि तो ती बाइंडरकडून शिवून घेणार होता. डबा खाऊन झाल्यावर त्याने वहीतली चार चित्रं स्कॅन केली: स्टूल, बादली, आईच्या चपला, खुंटीला टांगलेला आईचा युनिफॉर्म. घरात कुणी ओळखू नयेत म्हणून चारही उलटी केली, डावीकडचं उजवीकडे, गाडी चोरणारा नंबरप्लेट बदलतो तसं. वर ठळक अक्षरात 'कलाविभाग' टाकलं. चित्रांखाली 'द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीची चित्रे'. तरी खाली तीन ओळींची जागा उरली. ती भरायला त्याने ते वाक्य लिहिलं. कुठून आलं त्यालाही कळलं नाही. लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते आवडलं, दोनदा वाचलं. पण घरी जाऊन कुणाच्या चित्राजवळ थांबावं, असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. वाक्य कामाच्या वेळेत लिहिलेलं होतं.

चार वाजता पान मशीनवर गेलं. डबा आणि चहा यांच्यामधल्या वेळात एक अख्खा कलाविभाग जन्माला आला, का, तर बाराला चारने भाग जातो.

पुढचं त्याच्या हातात नव्हतं. पुस्तिका वाटल्या गेल्या आणि मुलं कलाविभाग विचारत यायला लागली. नसलेल्या विभागाला वर्षभरात एकोणीस अर्ज आले म्हटल्यावर कॉलेजने घाईघाईने मंजुरी मागितली, समिती आली, चहा प्याली, मंजुरी देऊन गेली. जिना चढून डावीकडे जुन्या उत्तरपत्रिकांची खोली होती, तिथे विभाग बसवला. छापखान्यात दरवर्षी तीच फाइल उघडली जायची, कव्हरवरचं साल बदललं जायचं, बस्स.

आता तेच अकरावं पान त्याच्या घरात, त्याच्याच पोरीच्या अंगठ्याखाली होतं.

पुढचे आठ दिवस ऑपरेटरने जंग जंग पछाडलं. कॉलेज लांब आहे, म्हणाला. बारकीने बसचा नंबर सांगितला, थेट जाते. इमारतीला ओल आहे म्हणाला. तुम्ही कधी पाहिलीत, असं सिस्टरने विचारलं. मोठ्या कॉलेजचं नाव मोठं असतं म्हणाला. तर बारकी म्हणाली, नाव मला काढायचंय थोडंच, चित्र काढायचंय. खरं सांगून टाकावं असं त्याला रोज सकाळी वाटायचं आणि रोज बस येईपर्यंत ओसरायचं. हे कॉलेज म्हणजे छापखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. उत्तरपत्रिका, फॉर्म, सर्टिफिकेटं, सगळं त्यांचं. छापखान्यातली गोष्ट बाहेर गेली तर माणूसही बाहेर जाईल, हे मालकाने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मालक उगाच बोलणारा नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी तिघंही गेली. बारकीने जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये दहा चित्रं घेतली होती. कोणती घेतलीस, असं ऑपरेटरने बसमध्ये विचारलं. ती म्हणाली, चांगली चांगली.

कलाविभागाच्या दाराबाहेर बाक होतं. आत भिंतीला लागून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मुलं मांडीवर बोर्ड घेऊन बसली होती. बोटांना शाई लागलेली एक मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. बारकीच्या हातातलं फोल्डर बघून तिने विचारलं, "दहा मिनिटांवाल्या वाक्यावरून आलीस का?"

बारकी हो म्हणाली.

"मी पण. आम्ही सगळेच."

"मग थांबतात?"

"तास पंचेचाळीस मिनिटांचा. आम्ही चाळीस जण," मुलगी म्हणाली. "तूच कर हिशोब." आणि ती ओठ पुसत आत गेली.

ऑपरेटर बुटांकडे बघत बसला. हा भागाकार त्याने कधी केलाच नव्हता. त्याला चारने भागता यायचं, तेवढंच.

कलाविभागप्रमुख मूळचे भूगोलाचे. नकाशे सुबक काढतात म्हणून हा विभाग त्यांच्या गळ्यात मारला होता, आणि ते बिचारे तीन वर्षं मुलांकडून नद्या आणि पर्वतरांगा काढून घेत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बारकीचं फोल्डर उघडलं, पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला. तो खुंटीला टांगलेला युनिफॉर्म होता. त्यांनी खणातून कॉलेजची पुस्तिका काढली, अकरावं पान उघडलं, चित्राशेजारी ठेवलं. मग उठले आणि त्या तिघांना प्राचार्यांच्या खोलीत घेऊन गेले.

प्राचार्य दोन वर्षांपूर्वी आलेले, नवे. त्यांच्या खुर्चीमागे सोनेरी चौकटीत तेच युनिफॉर्मचं चित्र लटकत होतं, पुस्तिकेवरून मोठं करून घेतलेलं, दाराएवढं. शेजारी हेडक्लार्क बसले होते, तेच, घास न गिळता बोलणारे. भूगोलाच्या सरांनी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी बोट जिभेला लावून पुस्तिकेचं पान उलटलं, परत उलटलं, आणि बारकीला शांतपणे म्हणाले की बाळ, मेहनत घ्यावी, पण दुसऱ्याची चित्रं उतरवून आपली म्हणून आणू नयेत. ही आमच्या विद्यार्थिनीची आहेत. समितीने या चित्रावर पाच मिनिटं भाषण केलं होतं.

"ही माझी आहेत," बारकी म्हणाली.

प्राचार्य म्हणाले, चोरी करणारं प्रत्येक मूल असंच म्हणतं. त्यांनी कागद पुढे ओढला. असं काही सापडलं की इतर कॉलेजांनाही कळवावं लागतं, ते म्हणाले, पद्धतच आहे तशी.

सिस्टर एव्हाना भिंतीवरच्या चित्राजवळ गेली होती आणि पेशंटचा चार्ट वाचावा तसं ते वाचत होती.

"हे घड्याळ उजवीकडे आहे," ती म्हणाली.

कुठलं घड्याळ, प्राचार्यांनी विचारलं.

"युनिफॉर्मच्या छातीवर पिनने लावलेलं. आम्ही डावीकडे लावतो. सगळ्या सिस्टर डावीकडेच लावतात. आणि याच्यातले आकडे बघा, उलटे आहेत. तीनच्या जागी नऊ आहेत, आणि ते नऊ पण आरशात दिसतात तसे. इतके दिवस हे तुमच्या डोक्यामागे लटकतंय, एकाला दिसलं नाही?"

प्राचार्य म्हणाले की समितीच्या मते ती काळाकडे बघण्याची एक वेगळी दृष्टी होती.

सिस्टरने बारकीचं मूळ चित्र उचललं. घड्याळ डावीकडे, आकडे सरळ. "खिशावर आयोडीनचा डाग आहे, तो माझा. खुंटीचं टोक मोडलंय, ते आमच्या घरचं. कुणीतरी हिचं चित्र घेऊन उलटं करून छापलंय." एवढं बोलून ती थांबली. कुठे छापलंय, हे तिच्या लक्षात आलं होतं. ती हळूच नवऱ्याकडे वळली आणि चुकीचं इंजेक्शन दिलेल्या शिकाऊ नर्सकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायला लागली.

ऑपरेटरच्या पुढे दोन गोष्टी होत्या. एकीकडे एकोणीस वर्षांची खुर्ची. दुसरीकडे ती पोरगी, जिला पाच मिनिटांपूर्वी चोर म्हटलं गेलं होतं आणि जी अजून रडली नव्हती. त्याने बराच वेळ घेतला. इतका, की नंतर त्याला त्याचीच लाज वाटली.

"मी केलं," तो म्हणाला. "पान कोरं राहत होतं."

मग त्याने सगळं सांगितलं: फोन, डबा, वही, तीन ओळींची जागा. सांगताना तो बारकीकडे बघत नव्हता. वाक्याचं सांगितलं तेव्हा तर तो टेबलावरच्या पेपरवेटशी बोलत होता.

भूगोलाच्या सरांनी उठून दार लावलं. प्राचार्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. चित्रं खोटी म्हणजे पान खोटं, पान खोटं म्हणजे मंजुरी खोटी, आणि मंजुरी खोटी म्हणजे चाळीस मुलं, तीन वर्षं आणि आपण स्वतः, अशी ती माळ त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत असावी. फक्त हेडक्लार्क शांत होते. त्यांची उभी हयात नियमांत गेली होती, आणि नियम माहीत असलेला माणूस खऱ्याखोट्याने गडबडत नाही.

"यात अडचण काय आहे?" ते म्हणाले. "प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलंय, द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीची चित्रं. चित्रं हिची, हे आत्ता सिद्ध झालं. म्हणजे चार वर्षांपूर्वी ही आपल्या द्वितीय वर्षाला होती."

"चार वर्षांपूर्वी ती तेरा वर्षांची होती," सिस्टर म्हणाली.

"वय प्रॉस्पेक्टसमध्ये नाही लिहिलेलं, बाई."

"आणि चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे हा विभागच नव्हता."

"होता की. पान अकरा."

प्राचार्यांचा रंग परत यायला लागला. हेडक्लार्क बोटं मोजत पुढे गेले. दुसऱ्या वर्षाची मुलगी पुढे तिसऱ्या वर्षाला गेली असणार. तिसऱ्यात पास झाली असणार. चित्रं बघता प्रथम श्रेणी धरायला हरकत नाही. विशेष प्रावीण्य धरा, असं भूगोलाचे सर मधेच म्हणाले. त्यांना चित्रं मनापासून आवडली होती, आणि त्या खोलीत त्या दिवशी कॉलेजकडून झालेली ती एकच प्रामाणिक गोष्ट होती. तर मुलगी आपली माजी विद्यार्थिनी. प्रॉस्पेक्टस खरं, समिती खरी, सगळं खरं. फक्त रजिस्टरात एक नोंद राहून गेलीय, ती करून घेऊ.

"मला शिकायचंय," बारकी म्हणाली.

"तेच सांगतोय, बेटा. शिकून झालंय तुझं."

"मग प्रवेश?"

हेडक्लार्कनी अत्यंत खेदाने मान हलवली. उत्तीर्ण झालेल्याला त्याच अभ्यासक्रमाला पुन्हा प्रवेश मिळत नाही. इथेही नाही, दुसऱ्या कुठल्या कॉलेजातही नाही. मंडळाचा नियम आहे. आणि हे मान्य नसेल तर राहिली मग चोरी. तसं पत्र सगळ्या कॉलेजांना जाईल आणि छापखान्याच्या मालकांनाही. दोन्हीपैकी काय ते तुम्ही निवडा, बळजबरी नाही.

बारकीने टेबलावरची चित्रं एकेक करून गोळा केली, कडा जुळवल्या आणि फोल्डर बंद केलं. ती बाहेर गेली. तिच्यामागे सिस्टर. ऑपरेटर दारात घुटमळला. रजिस्टरात नोंद कधी होणार, असं त्याने विचारलं.

"सर्टिफिकेट आलं की," हेडक्लार्क म्हणाले. "आमच्याकडे आधी छापील, मग लेखी. सर्टिफिकेटवरचं नाव बघून रजिस्टरात उतरवतो. छापलेलं चुकत नाही. तुमच्याकडेच ऑर्डर पाठवतो की, घरचंच काम."

परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावर तिघांना एकत्र जागा मिळाली. कितीतरी थांबे गेले. शेवटी ऑपरेटर म्हणाला, वही न विचारता घ्यायला नको होती.

"मला माहीत होतं," बारकी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पुस्तिका आणली त्या दिवशीच कळलं. माझी बादली मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही कॉलेजला नेऊन दाखवलीत. त्यांना आवडली म्हणून त्यांनी छापली. आणि ज्यांना आवडली ते चित्राजवळ थांबतही असतील." तिने मांडीवरचं फोल्डर सरळ केलं. "वाक्य तुमचं असेल असं नाही वाटलं, बाबा. तुम्ही कधी थांबला नाहीत ना."

पुढच्या थांब्यावर एक बाई चढल्या आणि त्याने उठून त्यांना जागा दिली, खरं तर बारकीच्या शेजारून उठायला मिळालं म्हणून.

घरात त्यानंतर सिस्टर त्याच्याशी वॉर्डातल्या भाषेत बोलायला लागली: जेवण झालं का, झोप लागली का, बाजूला व्हा. बारकीने मात्र रडारड केली नाही. तिने आईकडून छातीवर लावायचं घड्याळ मागून घेतलं आणि ती एकटीच कॉलेजं बघायला जायला लागली. पुस्तिका घ्यायची नाही, ऑफिसात जायचं नाही. चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीशी उभं राहायचं आणि शिक्षक एका चित्राजवळ किती वेळ थांबतात ते घड्याळात बघायचं. एका ठिकाणी चाळीस सेकंद. एका ठिकाणी दीड मिनिट, पण त्यातलं एक मिनिट फोनवर. एका ठिकाणी शिक्षक आलेच नाहीत आणि शिपायाने तिला हाकललं.

तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली ती जिना धावत चढून. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तीन खोल्या, तेच कॉलेज. पुस्तिका नाही, पाटीसुद्धा धड नाही. सोळा मुलं आणि एक म्हाताऱ्या बाई.

"बारा मिनिटं," बारकी आईला म्हणाली. "एका मुलीच्या चित्राजवळ बारा मिनिटं उभ्या होत्या. काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, बादलीत पाणी आहे ना, मग ती जड दिसू दे."

सिस्टरने विचारलं, मग पुढे काय. पुढे फॉर्म होता. बारकीने तो टेबलावर ठेवला. त्यात शेवटच्या ओळीत लिहून द्यायचं होतं की मी हा अभ्यासक्रम यापूर्वी कुठल्याही संस्थेतून उत्तीर्ण झालेली नाही. फॉर्म मंडळाकडे जाणार, मंडळ जुन्या रजिस्टरांशी ताडून बघणार. बारकीने त्या ओळीखाली सही केली नव्हती. तिने फॉर्म बापाकडे सरकवला आणि ती आत गेली.

दुसऱ्याच दिवशी छापखान्यात कॉलेजची ऑर्डर आली: एक सर्टिफिकेट, जाड कागद, सोनेरी शिक्का, नाव छापील.

एक म्हटल्यावर मालक वैतागला. सर्टिफिकेटाच्या एका शीटवर चार बसतात. एकासाठी तीन वाया घालवायची म्हणजे काय. त्याने कॉलेजला फोन लावून तेच सांगितलं. हेडक्लार्कना ते एकदम पटलं. तासाभरात त्यांच्याकडून आणखी तीन नावं आली: भूगोलाचे सर, ज्यांच्याकडे या विषयातली काहीच पदवी नव्हती, प्राचार्यांची सून, आणि हेडक्लार्कचा मेव्हणा, ज्याने जन्मात हातात पेन्सिल धरली असेल तर ती कान कोरायला. कागदाची नासाडी टळली. चार कलावंत एका शीटवर व्यवस्थित बसले.

ऑपरेटरने पहिली तीन नावं बसवली. चौथ्या जागेवर त्याने बारकीचं पूर्ण नाव टाइप केलं. पडद्यावर ते सुंदर दिसत होतं, वळणदार अक्षरात, खाली 'विशेष प्रावीण्यासह'. त्याने ते वाचलं. मग कधी नव्हे ते हात मांडीवर ठेवून तो त्या नावासमोर नुसता बसून राहिला. बाइंडर येऊन विचारून गेला की तब्येत बरी आहे ना.

मग त्याने नाव पुसलं. एकोणीस वर्षांत त्याने कुठलीही जागा कोरी सोडली नव्हती, ही सोडली. शिक्का होता, सह्या होत्या, विशेष प्रावीण्य होतं, फक्त नावाच्या जागी काही नव्हतं. मालकाने सोनेरी शाई तेवढी तपासली. ऑपरेटरने चारही सर्टिफिकेटं खाकी कागदात स्वतःच्या हाताने बांधली आणि शिपायाबरोबर पाठवून दिली. नाव नाही म्हणजे नोंद नाही. घरी येऊन त्याने बारकीला एवढंच सांगितलं की सही कर. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि सही केली.

पुढचे दहा दिवस तो फोनची वाट बघत जगला. नोकरी गेल्यावर मालकाला काय म्हणायचं ते त्याने पाठ केलं होतं, आणि त्यात माफी नव्हती. खुर्चीवरची उशी त्याची स्वतःची होती. ती त्याने आधीच घरी नेऊन ठेवली. अकराव्या दिवशी सकाळी बारकीचा प्रवेश पक्का झाला आणि दुपारी मालकाचा फोन वाजला. मालक नुसता हं, हं करत ऐकत होता आणि ऐकता ऐकता ऑपरेटरकडे बघत होता. फोन ठेवून तो टेबलाशी आला.

"कॉलेजचे हेडक्लार्क होते. म्हणाले, चार सर्टिफिकेटांपैकी एकावर नावच नव्हतं."

"मीच ठेवलं नाही," ऑपरेटर उभा राहत म्हणाला. पाठ केलेलं सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"बस, बस. लई खूश आहेत ते," मालक म्हणाला. "म्हणाले, चौघांत तेच सगळ्यात जास्त उपयोगाचं निघालं. पोचल्या पोचल्या खपलं, घेणाऱ्याचं नाव घालून. तसलीच आणखी शंभर पाठवा म्हणतायत, बिननावाची." मालकाने खांद्यावर थाप मारली. "डोकं चालवलंस. शंभर बरोबर बसतात ना रे शीटवर?"

ऑपरेटर खाली बसला. उशी नसलेली खुर्ची टोचली.

"बसतात," तो म्हणाला. "पंचवीस शीट. बाकी शून्य."